एचपीव्हीच्या लसीने वंध्यत्व येतं? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

‘एचपीव्हीची लस अंडाशय जाळते, पुढे मूल होत नाही. चांगल्या घरच्या मुलींना तिची गरजच नाही. विशीनंतर घेऊन उपयोग नाही. लस घेताच मुली धडाधड कोसळतात. पॅप टेस्ट केली की पुरे.’ हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने ठरलेला डोस रद्द केला. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही. एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू. त्याच्यामुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि ही लस त्यापासून वाचवते.

सगळ्यात घातक मुद्दा वंध्यत्वाचा. त्यासाठी ज्या संशोधनाकडे बोट दाखवतात ते १९९३ सालचं, उंदरांवरचं आहे, आणि त्यात लस नव्हतीच. पिल्लांना जन्मानंतर चौथ्या ते सातव्या दिवशी पॉलिसॉर्बेट ८० या पदार्थाचं १, ५ किंवा १० टक्के द्रावण रोज ०.१ मिलि टोचलं होतं. अंडाशयांवर परिणाम दिसला, हे खरं. पण मात्रेचा हिशेब कोणी करतच नाही. १ टक्का द्रावणाच्या ०.१ मिलिमध्ये हा पदार्थ १ मिलिग्रॅम असतो आणि पिल्लाचं वजन जेमतेम १० ग्रॅम. गार्डासिल या एचपीव्हीच्या लसीच्या एका डोसमध्ये तोच पदार्थ ०.०५ मिलिग्रॅम असतो आणि मुलीचं वजन ५० किलो धरा. वजनाच्या प्रमाणात पिल्लाला मिळालेली सर्वांत लहान मात्रासुद्धा लाखपट निघते! लसीत विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन असतं, आत जनुकं नसतात, त्यामुळे तिच्यापासून संसर्गही होत नाही.

मूल होण्यात अडचण येते ती आजारामुळे. कॅन्सरच्या आधीचे बदल सापडले तर गर्भाशयमुखाचा भाग काढावा लागतो, आणि नंतरच्या गरोदरपणात अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. कॅन्सर पुढे गेला असेल तर गर्भाशय काढतात किंवा ओटीपोटाला रेडिएशन देतात, आणि रेडिएशनने अंडाशयं निकामी होतात. आई होण्याची काळजी वाटत असेल तर तेच लस घेण्याचं कारण आहे.

‘चांगल्या घरच्या मुली’ हे वाक्य संतापजनक आहे. लैंगिक संबंध येणाऱ्या बहुतेकांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. जोडीदार एकच असला, तोही लग्नानंतरचा, तरी संसर्ग होऊ शकतो. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण विषाणू त्वचेच्या संपर्कातून पसरतो.

विशीनंतरचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करावं लागेल. झालेला संसर्ग लस घालवत नाही, म्हणून संबंध सुरू होण्याआधी घेतलेली उत्तम. पण ‘उपयोग नाही’ हे साफ खोटं. २०२० साली स्वीडनमधल्या १६ लाखांहून अधिक मुली आणि तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी होता, आणि १७ ते ३० या वयात घेतलेल्यांमध्येही ५३ टक्क्यांनी. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला असला तरी लसीतल्या बाकीच्या प्रकारांपासून संरक्षण मिळतं.

चक्कर येते, हेही खरं. किशोरवयात कुठल्याही इंजेक्शननंतर येऊ शकते, आणि इजा होते ती पडल्यामुळे. उपाशीपोटी जाऊ नका. इंजेक्शन बसून किंवा आडवं होऊन घ्या आणि नंतर १५ मिनिटं तिथेच बसा. दंड दुखणं, सूज, हलका ताप एक-दोन दिवसांत ओसरतो. आधीच्या डोसने किंवा लसीतल्या एखाद्या घटकाने तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर मात्र लस घेऊ नये.

पॅप टेस्ट म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी. ती झालेला बदल शोधते, तो होण्यापासून रोखत नाही. लस घेतली तरी ठरलेल्या वयात तपासणी करावीच लागते, कारण सगळे प्रकार लसीत नाहीत.

आता डोस. नेहमीचं वेळापत्रक असं: पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन. त्यानंतर केली तर तीन: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. काही देश आता एकाच डोसवर आले आहेत, तेव्हा आपल्याकडचा नियम डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती कमी असेल तर वय कितीही असो, तीन डोस घेणं चांगलं. तारीख चुकली तर उरलेलाच डोस घ्यायचा, पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. मध्येच दिवस राहिले तर पुढचे डोस बाळंतपणानंतर घ्या. बाळाला पाजत असतानाही चालतात.