ग्लो प्लग म्हणजे डिझेलचा स्पार्क प्लग नव्हे

नमस्कार. डिझेल इंजिनावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘डिझेलमध्ये ग्लो प्लगच ठिणगीचं काम करतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं, लेखकाने आधी अभ्यास करावा, मग शिकवावं’ असं तुम्ही म्हणता. चूक दाखवलीत तर आभारच मानीन. पण दुसऱ्याचा अभ्यास काढायचा तर आपला मुद्दा तरी पक्का हवा. वीस वर्षं डिझेल पंप आणि नोझल हेच माझं काम आहे, म्हणून हे वाक्य लागलं.

डिझेल इंजिनात पिस्टन वर येताना फक्त हवा दाबतो. कॉम्प्रेशन रेशो (हवा मूळच्या किती पट लहान जागेत दाबली जाते) साधारण १४ ते २२. एवढ्या दाबाने हवा ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि डिझेल तर अडीचशेच्या आसपासच आपोआप पेटतं. नोझलमधून बारीक फवारा आत आला की तो त्या हवेतच पेट घेतो. ठिणगी लागतच नाही.

मग ग्लो प्लग, म्हणजे आपला विजेने तापणारा हीटर प्लग, कशाला? इंजिन थंड असताना सिलिंडरच्या भिंती हवेतली उष्णता ओढून घेतात. सेल्फवर इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे फेरेच फिरतं, तेवढ्यात पिस्टनच्या रिंगांमधून हवा निसटते आणि पुरेसं तापमान चढत नाही. ती उणीव भरायला प्लगचं टोक काही सेकंद लालबुंद करतात. नव्या गाड्यांत धूर आणि ठोके कमी व्हावेत म्हणून ते नंतरही थोडा वेळ तापत राहतं. प्री-चेंबरच्या (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं अशा) जुन्या इंजिनांना प्लगची गरज जास्त, कारण तिथे भिंतींचं क्षेत्रफळ मोठं. डायरेक्ट इंजेक्शनच्या (फवारा थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या) कित्येक मोठ्या ट्रकना तो नसतोच.

ठिणगीचं काम म्हणजे ठरलेल्या क्षणी पेटवणं. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) फोर-स्ट्रोकच्या, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच पेटणाऱ्या, एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ज्वलन होतं. ग्लो प्लग इतक्या वेगाने तापून थंड होऊच शकत नाही. वीज चालू आहे तोवर तो सतत गरमच असतो. क्षण ठरवतो इंजेक्टर, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारा भाग. पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवा आधीच मिसळलेली असतात, तिथे असं तापलेलं टोक ठेवलंत तर मिश्रण वेळेआधी पेटेल आणि पिस्टनला भोक पडेल.

पटत नसेल तर तपासा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करा, ग्लो प्लगच्या वायरी काढा आणि पुन्हा सुरू करा. निरोगी इंजिन लगेच सुरू होईल. पेट्रोल गाडीच्या प्लगच्या वायरी काढून हेच करा. आणि टर्बोच्या (हवा आत ढकलणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून ऑइल आत जाऊन, तेच जाळत बेफाम पळत सुटलेलं डिझेल इंजिन? चावी काढली, सगळी वीज तोडली तरी ते थांबत नाही. हवा कोंडावी लागते. तिथे कुठली ठिणगी?

प्लग जळाल्याची खूण वेगळी असते: सकाळी सेल्फ लांबतो, पांढरा धूर येतो (ते न जळालेलं डिझेल), मिनिटभर एखादं सिलिंडर अडखळतं, मग सगळं सुरळीत. वायर सोडवून मल्टीमीटर लावा. अर्धा ते दोन ओहम दिसले तर कॉइल शाबूत, काहीच दिसलं नाही तर तुटली.

तुमचा घोटाळा कुठून झाला असेल तेही सांगतो. मॉडेल विमानांच्या मेथॅनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांत ग्लो प्लगची प्लॅटिनमची कॉइल इंजिन चालू असेपर्यंत पेटवत राहते. पण ती डिझेल इंजिनं नव्हेत.

‘टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात’ या माझ्या लेखातल्या वाक्यावरचा तुमचा आक्षेप मान्य. जहाजांच्या मोठ्या टू-स्ट्रोक डिझेलना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो; मी लिहिताना स्कूटरचं इंजिन डोळ्यांपुढे ठेवलं होतं. व्हॉल्व्हचं वाक्य आजच दुरुस्त करतो. ग्लो प्लगचा परिच्छेद आहे तसाच राहील.