'हि' आणि 'ज़ी'

गेलं दीड वर्ष मी 'हि'वर काम करतोय. हे वाक्य पहिल्यांदा घरात बोललो तेव्हा आमच्या हिने लॅपटॉपमधून मान वर काढून विचारलं, "माझ्यावर?" म्हटलं नाही गं, वेदातला 'हि', ऱ्हस्व, आणि अवेस्तातला त्याचा सख्खा भाऊ 'ज़ी'. ती परत लॅपटॉपमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, आवाजात कौतुक मावत नव्हतं, झीसाठी लिहिताय म्हणे, कुठली सिरियल? खरं सांगून टाकणार होतो, पण दीड वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या संशोधनात एवढा रस घेत होतं, त्यामुळे "अजून नक्की व्हायचंय" म्हणालो आणि फोन ठेवला.

तर वैदिक संस्कृत आणि अवेस्ता, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथांची भाषा, या एका घरातल्या दोघी बहिणी. वेगवेगळ्या मुलखात नांदायला गेल्या आणि जिभेला वेगवेगळी वळणं लागली. आपला स तिकडे बऱ्याचदा ह होतो, सोमाचा हओम, असुराचा अहुर, सप्तचा हप्त. आपण बँकेचा जो हप्ता भरतो तो फारसीतून आलेला हाच सातवाला शब्द आहे, म्हणजे हरिनाम सप्ताह आणि कर्जाचा हप्ता ही चुलत भावंडं, फक्त एकात पुण्य मिळतं. बरं, तिकडे स ने ह ची जागा घेतली मग ह ने कुठं जायचं? तर आपल्या ह च्या जागी तिकडे बऱ्याचदा ज़ सापडतो, हस्तचा ज़स्त, बाहूचा बाज़ु (आपली 'बाजू' याच खानदानातली, फारसीमार्गे आलेली), अहम् चा अज़म्, आणि हि चा ज़ी. (हस्तमधला स त-ला चिकटलेला असल्यामुळे वाचला, हे मला माहितीये, कुणी तज्ज्ञ वाचत असेल तर आधीच सांगून ठेवतो, अनुभव आहे.)

अर्थ म्हणाल तर 'कारण', 'खरंच', 'बरं का', किंवा नुसतंच 'ना'. युक्ष्वा हि केशिना हरी, जुंप ना ते आयाळवाले घोडे. या 'ना'वर मी बावीस पानं लिहिली. लिहिताना मजा आली हो, खोटं कशाला बोलू. त्रास सुरू झाला तो जर्नलला सबमिट करताना.

पहिला अडथळा शब्दमर्यादा. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, दोनशे शब्दांत. वास्तविक आमच्या परंपरेत या बाबतीत फार मोठे लोक होऊन गेलेत, अर्धमात्रालाघवेन पुत्रोत्सवं मन्यन्ते वैयाकरणाः, अर्धी मात्रा वाचली तरी व्याकरणवाल्याला मुलगा झाल्याचा आनंद होतो म्हणे. पाणिनीने जवळपास चार हजार सूत्रांत अख्खी भाषा बसवली आणि शेवटचं सूत्र लिहिलं 'अ अ', बास, एवढंच, दोन अक्षरांत दुकान बंद. मी त्याच परंपरेचा पाईक असून माझं ॲबस्ट्रॅक्ट दोनशे एकोणीस शब्दांचं होतं आणि त्यातला एकही शब्द काढवत नव्हता, शेवटी सगळीकडचे 'हि' काढले कारण त्यांना तसाही फारसा अर्थ नव्हता. मग लक्षात आलं पेपर त्यांच्यावरच आहे.

दुसरा अडथळा फॉन्ट, आणि याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही.

अवेस्तासाठी जी लिपी तयार केली गेली तीत पन्नासच्या वर अक्षरं आहेत, उच्चाराची एकेक बारीक छटा सुटू नये म्हणून कुणीतरी जीव ओतून केलेली, उजवीकडून डावीकडे लिहायची. पण जर्नलमध्ये ती वापरत नाहीत, रोमन लिपीत लिहितात आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर पायाखाली काहीतरी लावतात. उलटा ई आहे. उलट्या ईवर आडवी रेघ आहे. एक्सच्या खांद्यावर बसलेला चिमुकला व्ही आहे. ए आहे, त्याच्यावर गोल, त्या गोलावर परत रेघ, म्हणजे सर्कशीतल्या माणसासारखा तो ए तोल सांभाळत उभा असतो. आणि टीच्या खाली एक लाट. माझ्या स्क्रीनवर हे सगळे शहाण्या मुलांसारखे बसले होते. पोर्टलवर अपलोड केलं, पोर्टलने स्वतःची पीडीएफ बनवली, ती उघडली तर ओळीच्या ओळी चौकोनी डबे. मधेच एखादा इंग्रजी शब्द, मग डबे, मग 'दिअरफोर', मग डबे. मालगाडी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या कॉम्प्युटरवरच्या सामायिक यादीत, २००९ साली ५.२ आवृत्तीत अवेस्ताची लिपीही आली आणि वैदिक स्वरांची, म्हणजे उच्चारातल्या चढउतारांची, जादा चिन्हंही आली, दोघी बहिणी एकाच वर्षी एकाच घरात परत भेटल्या, मला तर गहिवरून आलं होतं, पण ही बातमी त्या पोर्टलपर्यंत पोचलेलीच नाही.

डब्यांचं एक वेळ ठीक आहे, डबा दिसतो तरी. वैदिक स्वरांचं तसं नसतं, ते गुपचूप जातात. अक्षराखालची आडवी रेघ, डोक्यावरची उभी रेघ, पीडीएफ होताना कधी गायब होतात तर कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि वाचणाऱ्याला काही झालंय असं वाटतच नाही. आता यात काय एवढं, असं आमच्या हिनेही विचारलं. म्हणून तिला वृत्राची गोष्ट सांगितली. त्वष्ट्याला इंद्राचा काटा काढायचा होता, त्याने यज्ञ मांडला आणि म्हणाला 'इन्द्रशत्रु' असा वाढ. शेवटावर आघात दिला तर अर्थ होतो इंद्राला मारणारा, पहिल्या अक्षरावर दिला तर ज्याला इंद्र मारणार आहे तो. त्वष्ट्याने आघात दिला पहिल्यावर. मुलगा, म्हणजे हा वृत्र, वाढला, धिप्पाड झाला, आणि इंद्राने त्याला मारला. एका स्वरासाठी पोरगा गेला गं, मी म्हणालो. "त्यानेही शेवटच्या दिवशी रात्री सबमिट केलं असेल," ती म्हणाली.

जास्त वाईट याचं वाटतं की हे सगळं शेकडो वर्षं नुसतं पाठ करून टिकवलंय लोकांनी. घनपाठ म्हणून प्रकार आहे, पहिला शब्द दुसरा, दुसरा पहिला, पहिला दुसरा तिसरा, तिसरा दुसरा पहिला, परत पहिला दुसरा तिसरा, असं पुढे मागे विणत जायचं म्हणजे एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. अवेस्तासुद्धा ती लिपी तयार होण्याआधी कितीतरी पिढ्या तोंडातोंडी चालत आली. एवढं सगळं करून जे माझ्या लॅपटॉपपर्यंत सुखरूप पोचलं ते लॅपटॉपमधून पोर्टलपर्यंत जाईना.

फॉर्मचं काय सांगू. 'भाषा' या रकान्यात ड्रॉपडाउन होता, आर्मेनियन होती, आसामी होती, पुढे थेट अझरबैजानी. अवेस्ता नाही. आयएसओच्या भाषांच्या यादीत तिला दोन अक्षरी कोड आहे हो, 'एई', मोठमोठ्या चालत्याबोलत्या भाषांना तसला कोड मिळालेला नाही, पण इथे नाही. म्हटलं जवळची म्हणून फारसी निवडावी, तर अख्खा फॉर्मच उजवीकडून डावीकडे झाला, सबमिटचं बटण डावीकडच्या कोपऱ्यात गेलं आणि माझं आडनाव नावाच्या आधी आलं. शेवटी 'इतर' केलं. पुढे प्रश्न, संशोधनात माणसांचा सहभाग होता का? झरथुष्ट्राला, म्हणजे पारशांच्या प्रेषिताला, माणूस धरायचं का यावर पाच मिनिटं गेली. हो लिहिलं तर त्याचं संमतिपत्र जोडा म्हणेल, आणि नाही लिहिलं तर गाथा, म्हणजे अवेस्तातली सगळ्यात जुनी सूक्तं, त्याने रचल्याच नाहीत असा एक पक्ष आहे त्यांच्या बाजूने मी मत दिल्यासारखं होईल. डेटा कुठे उपलब्ध आहे? ऋग्वेदात.

मग पेपरात लेखकाची ओळख कुठेही पटता कामा नये. ठीक. माझेच आधीचे दोन लेख आहेत त्यांच्याबद्दल मी परक्यासारखं लिहिलं, "या अभ्यासकाचं मत विचार करण्यासारखं आहे" वगैरे, जरा जास्तच कौतुक झालं बहुतेक. शिवाय चार रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे, सुचवा, जे तुमचे शिक्षक नाहीत, विद्यार्थी नाहीत, गेल्या पाच वर्षांत तुमच्याबरोबर लिहिलेलं नाही आणि तुमचं त्यांच्याशी भांडण नाही. अहो, वेद आणि अवेस्ता दोन्ही मुळातून वाचणारे आणि वर निपातांमध्ये, म्हणजे 'हि'सारख्या चिमुकल्या शब्दांमध्ये, रस असणारे जगातले सगळे मिळून एका एसटीत बसतील आणि त्या एसटीत एकमेकांशी न बोलणारे निम्मे असतील. यातून चार अनोळखी कुठून आणू? आणि 'हि'वर बावीस पानं आलीत म्हटल्यावर कुणाची आहेत हे एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा कळेल.

सबमिट झाल्यावर चोरी तपासणारं सॉफ्टवेअर चालतं. त्याने सांगितलं की माझ्या पेपरचा बराच भाग दुसरीकडे आधीच आलेला आहे. आलेलाच आहे. ऋग्वेद आहे तो.

मग सात महिने काही नाही. पोर्टलवर 'विचाराधीन'. रोज सकाळी उघडून बघायचो, लोक शेअर मार्केट बघतात तसं. या काळात धीर यावा म्हणून मी आंकेतिल द्युपेरों या फ्रेंच माणसाची गोष्ट स्वतःला परत परत सांगत होतो. हा गडी १७५५ मध्ये हिंदुस्थानात आला, सुरतेला जाऊन पारशी दस्तुरांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, शिकला, पोथ्या घेऊन परत गेला आणि १७७१ मध्ये अवेस्ताचं भाषांतर छापलं, युरोपातलं पहिलं. त्याच वर्षी विल्यम जोन्स नावाच्या पंचविशीतल्या इंग्रज पोराने फ्रेंचमध्ये, म्हणजे त्याला नीट कळावं म्हणून त्याच्याच भाषेत, एक पत्र छापून त्याची सालं काढली, असलं भंपक काही झरथुष्ट्र लिहील का, फसवलंय तुला. पत्रावर नाव नाही. निनावी रिव्ह्यूअर ही काही आजची पैदास नाही. त्या भाषेचा अस्सलपणा रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताने व्यवस्थित मांडून दाखवला तेव्हा १८२६ साल उजाडलं होतं, लेखक आणि रिव्ह्यूअर दोघेही केव्हाच वर गेले होते. त्याच्यापुढे माझे सात महिने म्हणजे काहीच नाही.

पण माझा आवडता भाग वेगळाच आहे. हेच जोन्ससाहेब पुढे कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आले, संस्कृत शिकले, आणि १७८९ च्या भाषणात सांगतात की झेंद (अवेस्ताच्या भाषेला तेव्हा असं म्हणत) शब्दांची यादी चाळली तर दहातले सहासात शब्द शुद्ध संस्कृत निघाले, मला आश्चर्य वाटलं. वाटणारच. यादी कुणाची होती? आंकेतिलची. आधी पेपर फाडायचा आणि मग त्याचंच परिशिष्ट वापरून भाषण ठोकायचं. असे लोक मी दोन ओळखतो, नावं सांगत नाही, एसटी लहान आहे.

आठव्या महिन्यात मेल आला. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा. खाली दोघांचे अभिप्राय. भाषेबद्दल एकाने लिहिलं होतं की मजकूर नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्यावा, तर मी क्षणभर खरंच घाबरलो, अवेस्ताचा नेटिव्ह स्पीकर आता कुठून आणायचा, मग कळलं इंग्रजीबद्दल बोलतोय. पाच लेखांचा उल्लेख करा असंही होतं, त्यातले चार एकाच माणसाचे आणि पाचवा त्या माणसाला शिव्या घालणारा, तो खोडून काढण्यासाठी.

मुख्य मुद्दा पुढे. पहिला रिव्ह्यूअर म्हणतो 'हि'चा भाग उत्तम, नवीन आहे, पण 'ज़ी'चा भाग उगाच ओढून आणलाय, पूर्ण काढावा. दुसरा म्हणतो 'ज़ी'वरचं विवेचन मोलाचं आहे, 'हि'बद्दल मात्र सगळं आधीच लिहून झालंय, पूर्ण काढावा. आणि संपादकांची एक ओळ, दोघांच्याही सर्व सूचना अमलात आणाव्यात.

पेपरचं नाव 'हि आणि ज़ी'. दोघांचं ऐकलं तर हातात राहतं 'आणि'.

दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, 'आणि' तरी काय वाईट आहे? संस्कृतात 'आणि'ला च, अवेस्तातही च, एकदम सख्खं नातं, स नाही ह नाही ज़ नाही, कुणी काही काढा म्हणणार नाही. शिवाय गाथांच्या भाषेत शब्दाच्या शेवटचा स्वर दीर्घच होतो, त्यामुळे तिथं तो च नाही, चा. नवीन फाइल उघडली, वर नाव टाकलं, जरा हुरूप आला. हिने पलीकडच्या खोलीतून विचारलं, काय चाललंय?

म्हटलं, "चाचं बघतोय."

"मलाही अर्धा कप टाक," ती म्हणाली.