सगळंच पिवळं

न्यू जर्सीत मेपलच्या सावलीत ना टोमॅटो येत ना मेथी, होस्टासारखी शोभेची पानं लावली तर हरणं रात्रीत साफ करतात, त्यामुळे आमच्यासारख्या सावलीवाल्यांना शेवटी नेटिव्ह प्लांट्सची, म्हणजे मूळ इथल्याच झाडांची, दीक्षा घ्यावी लागते. मला ती शेजारच्या रिटायर्ड बाईंनी दिली. वुड पॉपीची रोपं हातात ठेवली आणि म्हणाल्या, हे अमेरिकेतल्याच जंगलातलं, जपायचं. आणि अगदी असंच दिसणारं दुसरं एक आहे, ग्रेटर सेलंडाइन, युरोपातून आलेलं, ते दिसलं की उपटायचं. एवढं सांगून त्या गेल्या आणि इकडे माझी झोप उडाली.

कारण बघा, वुड पॉपीला चार पिवळ्या पाकळ्या, कातरलेली पानं आणि देठ मोडला की पिवळा चीक. ग्रेटर सेलंडाइनला चार पिवळ्या पाकळ्या, कातरलेली पानं आणि देठ मोडला की पिवळा-केशरी चीक. झालं की नाही कल्याण! फरक फुलाच्या आकारात म्हणे, पॉपीचं जवळजवळ पाच सेंटीमीटर आणि ग्रेटरचं जेमतेम दोन, म्हणजे नाव ग्रेटर आणि फूल हे एवढंसं. बरं, लेसर सेलंडाइन नावाचं तिसरं एक आहेच, तेही उपटायचंच, पण ते तर यांच्या कुळातलंही नाही, बटरकपवाल्यांचं आहे, आणि त्याचं फूल बऱ्याचदा ग्रेटरपेक्षा मोठं असतं. ही नावं ज्याने ठेवली त्याला एकदा भेटायचंय मला.

हे लेसर प्रकरण दिसायला फार गोड हो, बदामाच्या आकाराची चकचकीत पानं, आठ-दहा पाकळ्या, ओढ्याकाठी नुसता गालिचा, आणि खाली मातीत बारीक बारीक गाठी, त्यातली एक जरी राहिली की पुढच्या वर्षी परत हजर. बरं उन्हाळा लागला की ते सगळंच्या सगळं जमिनीखाली गडप होतं, त्यामुळे जूनमध्ये नवऱ्याला बोलावून दाखवायला जावं तर तिथे नुसती माती, आणि तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मीच एप्रिलभर भ्रमात होते. शिवाय हे हुबेहूब मार्श मॅरिगोल्डसारखं दिसतं, जे परत इथलंच, म्हणजे परत जपायचं. ओळखायचं कसं, तर म्हणे पाकळ्या मोजा. नवरा बिचारा ओल्यात गुडघे टेकून मोजत बसला आणि मग मी वाचून दाखवलं की मार्श मॅरिगोल्डला पाकळ्या नसतातच, पिवळं दिसतं ती निदलं, म्हणजे कळीवरचं आवरण. "मग मी इतका वेळ काय मोजलं?" हा त्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

फोनवरच्या अॅपचं तर बोलायलाच नको, समोरून फोटो काढला की एक नाव, बाजूने काढला की दुसरं. आईने मात्र व्हिडिओ कॉलवर एका सेकंदात निकाल दिला, "अगं हा पिवळा धोत्रा, मोहरीत भेसळ करतात तो, उपट आधी." आणि खरं सांगायचं तर नेम अगदीच हुकला नव्हता तिचा, कुळ तेच, अफूचं, चीकही पिवळाच, फक्त धोत्र्याला काटे असतात आणि तो उन्हात उगवतो.

यात आपणच एकटे नाही एवढं एक समाधान आहे. वर्ड्सवर्थ नावाचे मोठे इंग्रज कवी होते, त्यांचा लेसर सेलंडाइनवर भारी जीव, तर १८५० मध्ये ते गेल्यावर ग्रासमिअरच्या चर्चमधल्या स्मारकावर ते फूल कोरायचं ठरलं आणि कोरलं गेलं ग्रेटर, असं सांगतात. दगडात! आमचं निदान मातीत तरी आहे.

पक्की खूण शेंगेची. पॉपीची शेंग गुबगुबीत, केसाळ आणि मान खाली घातलेली, ग्रेटरची बारीक, गुळगुळीत आणि ताठ उभी. पण शेंग धरली म्हणजे बी आलंच, आणि ते बी मुंग्या उचलून नेतात, त्याला त्यांच्या आवडीचा खाऊ चिकटलेला असतो ना. म्हणजे खात्री पटेपर्यंत मुंग्यांनी कुंपणापर्यंत पेरणी केलेली असते. तरी यंदा ठरवलं होतं की होऊ दे काय ते, शेंगा बघायच्याच, आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन पाहणी सुरू केली.

नेमक्या सासूबाई आल्या. सहा महिन्यांसाठी. त्या पहाटे उठतात आणि मी उठायच्या आत मेपलखालची सगळी पिवळी फुलं परडीत. एकही शिल्लक नाही, शेंग धरणार कुठून? मी घाबरत घाबरत म्हटलं, आई, याला चीक असतो, विषारी असतं, देवाला कसं चालेल? तर म्हणाल्या, "रुईला काय चीक नसतो? मारुतीला चालतेच की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं.

परवा शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या, उत्सुकतेने विचारलं, मग शेवटी निघालं कोणतं? मी म्हटलं, खंडोबाचं. त्यांनी मान डोलावली आणि स्पेलिंग विचारलं.