फायरफिशपर्यंत एक दाणा

खाऱ्या पाण्याचा टँक घरात असला की येणारे-जाणारे तीनच प्रश्न विचारतात, मीठ किती टाकता, शार्क ठेवता येतो का, आणि हे मासे खातात काय. पहिल्या दोघांची उत्तरं मी झोपेतसुद्धा देईन (लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि नाही). तिसऱ्याच्या आधी मात्र मी विचारून घेतो, तुम्हाला घाई नाही ना?

कारण सुकं खाद्य म्हणजे डबा उघडा, चिमूट टाका, झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दुकानात त्या डब्यांसमोर उभं राहून बघावं. फ्लेक्स (पातळ पापुद्रे) आहेत, पेलेट (दाणे) आहेत, पेलेटमध्ये परत तरंगणारे वेगळे आणि सावकाश बुडणारे वेगळे, फ्रीझ-ड्राइड आहे, नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, शीट आहेत, आणि प्रत्येक डब्यावर असा एक झगझगीत मासा छापलेला की मी तरी तो रंग पाण्यात कधी बघितला नाही. पुढच्या बाजूला सगळी आश्वासनं असतात, रंग खुलणार, प्रतिकारशक्ती वाढणार, लसूण घातलाय. खरी माहिती मागे, मुंगीलाही चष्मा लागेल एवढ्या अक्षरात. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, म्हणून पहिली दोन-तीन नावं वाचायची, मासा, क्रिल (कोळंबीसारखा बारीक जीव), स्क्विड असं काही असलं तर ठीक आणि गव्हाचं पीठच पहिल्या नंबरवर बसलं असेल तर डबा परत जागेवर. थोडं पीठ लागतंच म्हणा, नाहीतर दाणा बांधला जाणार कसा, पण समुद्रात गव्हाचं शेत कुठल्या माशाने बघितलंय?

रंगाचा दावा मात्र अगदीच थाप नाही बरं का. त्यामागे बहुतेक वेळा अ‍ॅस्टाझँथिन असतं, आणि असली लाल-केशरी रंगद्रव्यं माशाला शरीरात शून्यातून तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. लसणाचं काय ते मला विचारू नका. वासाने रुसलेला मासा खायला लागतो असं लोक शपथेवर सांगतात, आमच्याकडे ज्याला खायचं नव्हतं त्याने लसणासकट खाल्लं नाही.

एवढा अभ्यास करून डबा घरी आणायचा आणि मग कळतं की लेबल वाचणारे आपण एकटेच.

क्लाऊनफिशचं काही नाही, तो फ्लेक खातो, पेलेट खातो, मिळालं तर माझं बोटही चावून बघतो. यलो टँग मुळात शेवाळ खाणारा, त्याला रोज नोरी लागते, ती क्लिपला लावून काचेवर चिकटवायची आणि हात पटकन बाहेर काढायचा, कारण टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पातं असतं. आणि एवढी हिरवी सोय करून दिल्यावर साहेब दुसऱ्यांचे मांसाहारी पेलेट आधी संपवतात, नोरीकडे नंतर वळतात. मँडरिनची तर गोष्टच वेगळी, तो दिवसभर दगडांवरून कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक जिवंत जीव, टिपत फिरतो आणि समोरून पेलेट खाली गेला तर ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो. त्याच्यासाठी सुक्या खाद्याचा डबा घेणं म्हणजे डबेवाल्याला देणगी.

राहिला फायरफिश. माझं सगळं आयुष्य याच्यामुळे अडलंय. बिळाच्या तोंडाशी अधांतरी उभा राहणार, पाण्यात वाहत आलेला बारीक दाणा टिपणार, खाली पडलेल्याकडे बघणारसुद्धा नाही. आणि कोणी जरा जोरात वळलं की आत. म्हणजे याला खायला मिळायचं तर दाणा १ मिलिमीटरपेक्षा बारीक हवा, सावकाश बुडणारा हवा, त्याच्या नाकासमोरून जायला हवा आणि त्या वेळी बाकीची मंडळी दुसरीकडे हवीत. पंप चालू ठेवला तर दाणे सरळ ओव्हरफ्लोमधून (वरचं पाणी खाली जायची वाट) संपमध्ये (टँकखालची फिल्टरची टाकी) जाऊन बसतात. पंप बंद केला तर वरच्या वर क्लाऊनफिश साफ करतो. म्हणून जास्त टाकावं म्हणलं तर उरलेलं कुजून आधी अमोनिया, मग नायट्रेट, वर फॉस्फेट, आणि थोड्याच दिवसांत दगडांवर हिरव्या केसांसारख्या शेवाळाचं जंगल. ते उपटत बसणं हा अजून एक वेगळा छंद आहे, तो मी मागितला नव्हता.

मग बसवलेली व्यवस्था अशी. आधी नोरी, टँग तिकडे. मग डाव्या कोपऱ्यात मोठे पेलेट, क्लाऊनफिशला चघळायला वेळ लागतो असे. तेवढ्यात उजवीकडून, टँकच्याच पाण्यात भिजवलेले बारीक दाणे पिपेटने हळूच सोडायचे. भिजवले की तरंगत नाहीत हा फायदा, पण आधीपासून भिजवून ठेवायचे नाहीत, पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिनं तिथेच सुटतात. आणि ओली बोटं डब्यात घालायची नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगून झालंय. डबाही छोटाच घ्यायचा, उघडला की आतलं तेल हळूहळू खवट होतं, माशांना त्याचं काय वाटतं माहीत नाही पण मला वासाने कळतं.

योजना मस्त चालली. फक्त टँकमधला आणखी एक मासा, सिक्स-लाइन रॅस, हिशोबात धरला नव्हता म्हणा किंवा त्यालाच हिशोब फार लवकर समजला म्हणा, आता पिपेट काचेजवळ आली की तो आधी हजर, पिपेटच्या तोंडाला तोंड लावून उभा. त्याला बघून फायरफिश आत. मग मी रिकामी पिपेट डावीकडे नेतो, रॅस डावीकडे, भरलेली पिपेट दुसऱ्या हातात, उजवीकडे, आणि दोन्ही हात असे पाण्यावर पसरून उभं असताना दारावरची बेल वाजतेच. बायको दार उघडून पाहुण्यांना सांगते, थांबा जरा, त्यांचं चालू आहे.

फायरफिशला असे दोन-तीन दाणे मिळतात, कधी चार. त्याचं पोट गोल दिसतं, म्हणजे पुरतही असावेत. चुकलेले, निसटलेले, रॅसने तोंडात घेऊन थुंकलेले सगळे वाळूवर पडतात, आणि तिथे हर्मिट क्रॅब आहे, रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा, त्याला तरंगणारं-बुडणारं, पीठ-क्रिल कशाचंच वावडं नाही. गेल्या महिन्यात कात टाकली त्याने. शंख आता घट्ट होतोय, मोठा बघावा लागणार.