परदेशातून : फुजीवरचा गाइड आणि रायगडावरचा

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर धरून आपले १२ किल्ले (त्यातला जिंजी तमिळनाडूतला) जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून पुण्यातल्या मित्रांशी फोन झाला की वाद ठरलेला. एक म्हणतो गडावर ट्रेनिंग घेतलेले, बिल्ला लावलेले गाइडच पाहिजेत, दुसरा म्हणतो महाराजांच्या गडावर जायला पैसे देऊन माणूस कशाला, आपल्याला इतिहास माहीत नाही का? मी राहतो टोकियोत, त्यामुळे मला लगेच फुजी आठवतो.

फुजी २०१३ पासून यादीत आहे, तोही निसर्ग म्हणून नाही, श्रद्धास्थान आणि कलेची प्रेरणा म्हणून. पायथ्याच्या फुजियोशिदात पूर्वी 'ओशी' लोकांची घरं होती, आपल्या तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांसारखीच सोय बघा, यात्रेकरू त्यांच्याकडे उतरायचे, प्रार्थना करायचे अन् मग डोंगर चढायचे. म्हणजे तिथे वाट दाखवणारा माणूस काही टुरिझमवाल्यांनी काढलेलं खूळ नाही.

आत्ताचे गाइड योशिदा वाटेवर पाचव्या स्टेशनला (स्टेशन म्हणजे चढणीवरचा टप्पा), साधारण २,३०० मीटरवर, बस थांबली की लगेच चढूच देत नाहीत, अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून तासभर तिथेच रेंगाळायला लावतात, मग इतके हळू चालतात की सह्याद्रीत पळणाऱ्या माणसाला वैताग येतो, पावलं छोटी टाका, श्वास पूर्ण सोडा, हेच चालू. आणि हवा बिघडली की शिखर राहिलं, खाली चला. पैसे भरलेत वगैरे चालत नाही. गाइडचा खरा कस इथे लागतो, तारखा पाठ असण्यात नाही.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवरचं 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' दाखवताना गाइडचा आवाज चढतो, ऐकायला भारी वाटतं, पण बाजारपेठेत घोड्यावर बसून खरेदी चालायची हेही तितक्याच ठामपणे ठोकून देतात. हिरकणीचंही तेच. सांगा ना, पण लोक असं सांगतात एवढं तरी म्हणा की! आणि टकमक टोकाच्या कडेला रील काढणाऱ्या पोरांना हटकणार कोण?

तर ट्रेनिंग हवंच. भीती एवढीच की शहरातले फाडफाड इंग्रजीवाले बिल्ले घेऊन जातील आणि गडावरची, पायथ्याच्या पाचाड गावची माणसं ताक विकत बसतील. जपानने हे भोगलंय. १९४९ च्या कायद्याने परदेशी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत पैसे घेऊन फिरवायला राष्ट्रीय परवाना लागायचा, परीक्षा अवघड, परवानेवाले बहुतेक मोठ्या शहरांत. २०१८ ला ते बंधन उठवलं आणि त्या त्या भागापुरता लोकल गाइडचा वेगळा दाखला काढला. आपण तीच चूक पहिल्यापासून कशाला करायची? पाचाडच्या पोरापोरींना आधी घ्या, परीक्षा तोंडी आणि मराठीत, इंग्रजी नंतर शिकवा. आणि धुकं दाटलं, पायऱ्या निसरड्या झाल्या तर माणसं थांबवायचा अधिकार त्यांना लेखी द्या, नाहीतर नुसता बिल्ला बघून कोण ऐकतंय!