लॅव्हाझिए यांच्या पापण्या

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लॅव्हाझिए यांच्याविषयी एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. ऑक्सिजन शोधणाऱ्या या माणसाला वैज्ञानिक म्हणून गिलोटिनवर मारले. ‘प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही’ असे न्यायाधीश म्हणाला. आणि सहकाऱ्याला आधी सांगून ठेवल्याप्रमाणे तुटलेल्या शिराने पंधरा-वीस वेळा पापण्या लववल्या, असा तो मजकूर आहे.

पापण्यांच्या कथेला समकालीन पुरावा नाही. ८ मे १७९४ रोजी खटला आणि शिक्षेची अंमलबजावणी एकाच दिवसात उरकली. २८ जणांची शिरे जेमतेम अर्ध्या तासात उडवली गेली, त्यांत लॅव्हाझिए यांचे सासरेही होते. अशा घाईत तुटलेल्या शिरापाशी बसून पापण्या मोजणार कोण?

न्यायाधीशाचे वाक्यही मागाहून चिकटवलेले आहे.

विज्ञानासाठी मारले, हे तर उघड चूक. हे २८ जण राजासाठी कर वसूल करणाऱ्या खासगी कंपनीचे भागीदार होते आणि तंबाखूत पाणी मिसळल्याचाही आरोप त्यांच्यावर होता. शिक्षा अन्याय्यच होती, पण लोकांचा राग करवसुलीवर होता, प्रयोगशाळेवर नव्हे.

ऑक्सिजनचे प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवे. हा वायू स्वीडनच्या शील यांनी आधीच मिळवला होता. इंग्लंडच्या प्रीस्टली यांनी तो ऑगस्ट १७७४ मध्ये वेगळा केला आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये जेवणाच्या मेजावर लॅव्हाझिए यांना त्याविषयी सांगितले. लॅव्हाझिए यांचे श्रेय आहे ते तराजूचे. त्यांनी चार औंस पारा बंदिस्त हवेत बारा दिवस तापवला, तेव्हा ५० घनइंच हवेपैकी सात-आठ घनइंच हवा नाहीशी झाली, उरलेल्या हवेत मेणबत्ती विझू लागली आणि पाऱ्यावर तांबडे भस्म जमले. ते ४५ ग्रेन (वजनाचे जुने, बारीक माप) भस्म वेगळे काढून अधिक तापवले, तर साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि आधी नाहीशी झालेली हवा होती जवळपास तेवढाच वायू परत हाती आला. प्रीस्टली अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनलाच, म्हणजे जळताना पदार्थातून बाहेर पडतो असे मानल्या गेलेल्या घटकालाच, धरून राहिले. लॅव्हाझिए यांच्या या हिशेबाने त्या कल्पनेची गरजच संपवली.

तरीही ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्ल घडवणारा, हे लॅव्हाझिए यांनी दिलेले नाव चुकीच्या समजुतीवर बेतलेले होते, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. आपला ‘प्राणवायू’ त्या चुकीतून सुटला आहे.