हप्ता उणे दहा पैसे

गावात लॅपटॉप बाळगणं म्हणजे डोक्याला ताप. आमच्या औश्याकडं सोयाबीनच्या राशी उरकल्या, की ट्रॅक्टरच्या शोरूमपेक्षा जास्त गर्दी माझ्या ओसरीवर. सगळ्यांचं एकच, "हप्ता किती बसतोय बघ की." जसं काय कर्ज मीच मंजूर करणार आहे!

एक्सेलमध्ये त्यासाठी पीएमटी नावाचं फंक्शन आहे. व्याजदर, हप्त्यांची संख्या आणि कर्जाची रक्कम एवढंच त्याला लागतं. ते बिचारं सरळ आहे, समोर बसलेली माणसं नसतात. परवा अक्का माहेरी आली, सोबत दाजी. त्यांना हवे पाच लाख, नऊ टक्क्यानं, पाच वर्षांसाठी. मी "थांबा" म्हणेपर्यंत दाजींनी लॅपटॉप ओढून घेतला आणि एका बोटानं बडवायला सुरुवात केली. नऊ टक्के भागिले बारा, मग साठ, आणि शेवटी लाखाचे स्वल्पविराम देऊन ऐटीत ५,००,०००.

उत्तर आलं, उणे दहा पैसे.

"महिन्याला?" दाजींचे डोळे चकाकले. "मग दोन घेऊ की!"

एक्सेलच्या लेखी स्वल्पविराम आला की पुढचा रकाना सुरू. त्यानं कर्ज धरलं पाच रुपये, अखेरची बाकी शून्य, आणि उरलेलं शून्य घातलं हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी या खात्यात. फंक्शनला रकाने पाचच, त्यातले शेवटचे दोन रिकामे सोडले तरी चालतात; दाजींनी पाचही भरलेले. तक्रार करायला जागाच नाही! स्वल्पविराम काढले तेव्हा कुठं १०,३७९ आले. तेही उणे, आणि लालभडक.

"लाल कशाला? आत्ताच थकलो का काय?"

खिशातून जाणारा पैसा ते उणे दाखवतं, हे सांगून बघितलं. दाजींना पटेना. शेवटी कर्जाच्या आकड्याआधी एक उणे ठोकलं, तेव्हा आकडा काळा झाला आणि दाजींना हायसं वाटलं.

मग वाद सुरू झाला बारानं का भागायचं याचा. न भागता नुसते नऊ टक्के ठेवले, तर हेच फंक्शन महिन्याला ४५,२५७ मागतं, कारण ते टक्के दरमहाचे समजतं. हे सांगता सांगता माझा घसा बसला. आतून भाकरी थापता थापता अक्का म्हणाली, "आमच्या बचत गटात शेकडा दोन म्हनलं की महिन्याचंच असतंय. बँक तेवढी वर्षाचं बोलती. मग महिन्याला पाऊण टक्का झाला की!"

मी गप्प बसलो.

खरी गंमत दाजींच्या खिशात होती. एका एजंटानं "नऊच टक्के, फ्लॅट" म्हणत महिना १२,०८३ चा कागद दिलेला. दोन्हीकडं नऊच, मग वरचे सतराशे कुठले? फ्लॅट म्हणजे पाच वर्षं अख्ख्या पाच लाखांवर व्याज. ते झालं सव्वादोन लाख. ते मुद्दलात मिळवायचं आणि साठानं भागायचं. मी रेट फंक्शन काढलं. साठ हप्ते, उणे १२,०८३, कर्ज पाच लाख, आलेल्या उत्तराला गुणिले बारा. (इथं मात्र ते उणे लागतंच, नाहीतर एक्सेल सरळ एरर तोंडावर मारतं. दाजींना हे सांगायच्या भानगडीत पडलो नाही.) खरा दर निघाला जवळजवळ १५.७ टक्के.

अक्का पिठाच्या हातानं बाहेर आली. "म्हंजे फेडलेल्या मुद्दलावर बी व्याज? गटात कुणी असं केलं तर बाया झिंज्या उपटतील."

दाजींचं दुखणं वेगळंच होतं. "महिन्याला हप्ता भरायला मला काय पगार हाय का? सोयाबीन दिवाळीला, हरभरा उन्हाळ्याच्या तोंडाला." बरोबरच होतं. दर भागिले दोन, हप्ते दहा. सहामाही हप्ता ६३,१८९. आकडा बघून दाजींनी पानाचा डबा उघडला, चुना लावला, पान दाढेखाली सरकवलं.

"ते दहा पैशाचं परत काढ बरं," ते म्हणाले. "एजंट उद्या येनार हाय. भाव तिथून सुरू करू."